जिम्नीच्या दारावरची स्टेपनी हलकी केली

मारुतीच्या जिम्नी या फोर-बाय-फोर गाडीला 215/75 आर15 (215 मिमी रुंद) टायर चढवले की तेवढीच रुंद स्टेपनी मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना जड जाते. यवतमाळकडच्या पांदण रस्त्यांवर दार खडखडतं. मी कंपनीचाच 195/80 आर15 टायर लोखंडी रिमसकट मागे टांगला. रुंदी 20 मिमी कमी. व्यास सुमारे 703 ऐवजी 693 मिमी, फरक दीड टक्का. रुंदी कमी चालते, व्यास जवळपास जुळलाच पाहिजे.

टूएचमध्ये (टू-व्हील ड्राइव्ह) ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून स्टेपनी पुढेच लावा. मागचं चाक पंक्चर झालं तर पुढचं चांगलं चाक मागे न्या. जॅक दोनदा लागतो, पण मागचं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) वाचतं. फोरएच (चारही चाकांना ताकद) कोरड्या डांबरावर नकोच. मधलं डिफरन्शियल नसल्यानं गिअर आवळतात. काळ्या मातीच्या चिखलात चालेल.

बाहेरून घेतलेल्या अलॉय रिमचे नट लोखंडी रिमला बसतीलच असं नाही. पाच मूळ नट गाडीतच ठेवा.