पॅरटफिशचा रंग बघून शीट भरणार असाल तर आधी हे वाचा

रीफवरच्या माशांवर पहिलाच प्रोजेक्ट आणि त्यात पॅरटफिश, म्हणजे पोपटासारख्या चोचीचे मासे, गळ्यात पडलेत अशा मंडळींसाठी लिहितेय. ट्रान्सेक्ट (मासे मोजायची आखलेली रेषा) कसा टाकायचा, पाण्याखाली स्लेटवर पेन्सिलीने कसं लिहायचं, लांबीचा अंदाज कसा बांधायचा हे येतं असं धरून चालते, ते कोणीही शिकवेल. मला एकाच खड्ड्याबद्दल बोलायचंय कारण मी त्यात चांगली तोंडावर आपटलेय आणि अजूनही ती जुनी शीट उघडली की पोटात गोळा येतो.

वर्गीकरण पटकन उरकते. साधारण १०० जाती, १० जीनस (जवळच्या जातींचे गट). बरीच वर्षं यांचं स्कॅरिडी नावाचं वेगळं कुल होतं, मग डीएनएच्या कामातून दिसलं की हे रॅस माशांच्या लॅब्रिडी कुलाच्या आतच बसतात. गंमत म्हणजे लिनियसने १७५८ मध्ये भूमध्य समुद्रातल्या पॅरटफिशला लॅब्रस याच जीनसमध्ये टाकलं होतं, म्हणजे लेक फिरून माहेरीच आली म्हणायची. काही पुस्तकांत अजून स्कॅरिडी दिसेल, काहींत लॅब्रिडी. यावरून कोणाशी भांडत बसू नका, रिपोर्टमध्ये एक काहीतरी धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

आता माझा घोळ.

माझ्या व्हिडिओंमध्ये सगळ्यात जास्त होती क्लोरुरस सॉर्डिडस ही पॅरटफिशची जात. हिरवे-निळे मोठे मासे आणि त्यांच्या आसपास तपकिरी मध्यम आकाराचे, त्यातल्या काहींच्या शेपटीच्या बुडाशी फिकट पट्टा आणि त्यात काळा गोल ठिपका, काही मात्र नुसतेच तपकिरी. मी बिनधास्त तीन जाती लिहिल्या! रंगांचा चार्ट शेजारी उघडा, व्हिडिओ पॉज, जुळलं की एंट्री, सुटलं. तीन आठवडे रोज रात्री हेच, आणि वर स्वतःवर खूश. एक दिवस एकच तपकिरी मासा सलग फ्रेममध्ये राहिला, खडकामागे गेला तेव्हा शेपटीशी ठिपका होता, दुसऱ्या बाजूने बाहेर आला तेव्हा ठिपका गायब. मी चार-पाच वेळा मागे जाऊन बघितलं. मासा तोच, कल्ल्यावरचा ओरखडासुद्धा तोच. हा ठिपका आणि पट्टा तो मासा हवा तेव्हा दाखवतो, हवा तेव्हा घालवतो आणि मी त्याच्या जिवावर एक आख्खी जात उभी केली होती.

म्हणजे असं आहे की बहुतेक पॅरटफिशमध्ये रंगाच्या दोन अवस्था असतात. इनिशियल फेज, म्हणजे साधारण तपकिरी, करडी, लालसर; आणि टर्मिनल फेज, म्हणजे ती फोटोत असते ती झगमगीत निळी-हिरवी. एकाच जातीचे दोन कपडे. यात फक्त माझ्यासारखे नवशिकेच फसले असंही नाही. हवाईत स्कॅरस अहुला आणि स्कॅरस पर्स्पिसिलेटस या दोन वेगळ्या जाती म्हणून नांदत होत्या, १९५४ मध्ये दाखवून दिलं गेलं की पहिली ही दुसऱ्याची मादी आहे. तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका, मी दोन दिवस जेवले नव्हते, तेवढी गरज नव्हती.

पण खरी मेख याच्या पुढे आहे आणि ही मला कोणी सांगितली नव्हती. जाती दुरुस्त केल्यावर मी शहाणपणा करून नवा कॉलम टाकला, ‘लिंग’. तपकिरी म्हणजे मादी, निळा म्हणजे नर, सरळ फॉर्म्युला लावून ड्रॅग केलं. मग माझ्या गाइड मॅडमना प्रजननाची एक क्लिप दाखवली. निळा नर आणि एक तपकिरी मासा जोडीने पाण्यात वर उसळतात, टोकाला अंडी-शुक्राणूंचा पांढरा ढग सुटतो, आणि नेमक्या त्याच क्षणी खालून आणखी एक तपकिरी मासा बाणासारखा वर घुसतो. मी लिहिलं होतं ‘१ नर, २ माद्या’. मॅडमनी क्लिप थांबवली आणि एवढंच विचारलं, ‘ही दुसरी बाई इतक्या घाईने कशाला आली गं?’

ती बाई नव्हतीच. तो नर होता. बऱ्याच जातींत काही मासे जन्मापासूनच नर असतात पण मादीच्याच रंगात वावरतात, यांना प्रायमरी नर म्हणतात. ते घोळक्याने प्रजनन करतात किंवा असे चोरून दुसऱ्याच्या जोडीत घुसतात, त्यामुळे शुक्राणूंची स्पर्धा त्यांना जास्त आणि वृषणंही शरीराच्या मानाने मोठी. दुसरे सेकंडरी नर, जे आधी मादी होते आणि मग बदलले. त्यांच्या वृषणात जुन्या अंडाशयाची पोकळी शिल्लक दिसते. म्हणजे लिंग कळणार ते जननग्रंथीचा काप मायक्रोस्कोपखाली बघून, व्हिडिओवरून नाही. व्हिडिओवरून तुम्हाला फेज कळते, कॉलमचं नाव ‘फेज’च ठेवा. आणि भडक तोच नर हा नियमही डोक्यातून काढा, भूमध्य समुद्रातला तो लिनियसवाला, स्पॅरिसोमा क्रेटेन्से, त्याची मादी लाल-करडी देखणी आणि नर बिचारा राखाडी. बोल्बोमेटोपॉन म्युरिकेटम, म्हणजे कपाळावर टेंगूळ असलेला सव्वा मीटरपर्यंत वाढणारा दांडगट, त्याच्यात तर दोन्ही फेजमध्ये रंगाचा असा फरकच नाही.

लिंगबदल हे काय प्रकरण आहे ते मला आधी खरंच पटायचं नाही. क्लीनर रॅसवरचं (दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा, यांच्याच कुलातला छोटा मासा) १९७२ चं काम वाचा, कळपातला नर काढून घेतला की सगळ्यात वरचढ मादी काही तासांत नरासारखी दादागिरी सुरू करते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखर नर होते. वागणं आधी, शरीर मागून. म्हणून मी म्हणते की रंग हा माशाच्या आजच्या परिस्थितीबद्दल असतो, नावाबद्दल नाही.

मग ओळखायचं कशावरून? कंटाळवाण्या गोष्टींवरून. गालावर खवल्यांच्या किती ओळी आहेत, डोक्यावर पाठीच्या पराच्या आधी मधोमध किती खवले आहेत, छातीच्या पराला किती काटे, ओठ चोचीला कितपत झाकतात. पाठीचा पर मोजत बसू नका, ९ कडक आणि १० मऊ काटे सगळ्यांनाच असतात, मी एक आख्खी संध्याकाळ त्यात घालवली. नमुना हातात असेल तर रंगाचा फोटो लगेच काढा, मेल्यावर तो झपाट्याने उडतो.

खाण्याच्या खुणाही कामाला येतात. बोल्बोमेटोपॉन, क्लोरुरस हे दगड खोदून खातात, चावल्याचा खोल चट्टा राहतो. स्कॅरस खरवडतात, नुसता ओरखडा. खाल्लेलं घशातल्या दुसऱ्या जबड्यात दळलं जातं, पोट नसतंच, आणि मागून वाळू पडते. ते शैवाल खातात असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण २०१७ मध्ये मांडणी झाली की त्यांचं खरं लक्ष्य सायनोबॅक्टेरियासारखे सूक्ष्मजीव असावेत, मला ती पटते, तुम्ही गाइडला विचारून मगच लिहा.

गाइडवरून आठवलं. फोटो दाखवल्या दाखवल्या जातीचं नाव सांगणाऱ्या सीनियरपासून जरा लांब राहा. छान वाटतं, वेळ वाचतो, पण तो तिथे नसतो तेव्हा तुम्ही कोरे. फोटोवरून नाव सांगणारी अॅप्सही त्यातलीच, रंगच बघतात बिचारी. आमच्या मॅडम नाव कधीच सांगत नाहीत, ‘गालाच्या ओळी मोजल्यास का?’ एवढंच विचारतात आणि त्याचा मला इतका राग यायचा की विचारू नका.

आणि हो, पिल्लं. बोटभर तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची, दोन-तीन जातींची एकाच घोळक्यात. माझ्या फायनल शीटमध्ये ती सगळी ‘स्कॅरस किंवा क्लोरुरस, जात ठरली नाही’ अशीच आहेत. सबमिट करताना हात थरथरत होता. मॅडमनी फक्त त्याच ओळींवर बरोबरची खूण केली, बाकी पानभर लाल पेन.