बायोमटेरियलच्या लॅबमध्ये नव्याने येताना: पदार्थ आणि पेशी यांच्यामधली हद्द

केमिस्ट्री, पॉलिमर किंवा मेटलर्जी शिकून बायोमटेरियलच्या, म्हणजे शरीरात वापरायच्या पदार्थांच्या, लॅबमध्ये आलेल्या मुलामुलींना पेशींची धास्ती वाटते, आणि बायोटेक करून आलेल्यांना पदार्थाची. प्रत्येकाला आपली बाजू पक्की येते. निकाल बिघडतात ते बहुतेक वेळा मधल्या हद्दीवर. पदार्थाची फिल्म (पातळ पापुद्रा) करणारा म्हणतो, माझं काम झालं, पुढचं सेलवाले बघतील. सेलवाला धरून चालतो की हातात आलेली फिल्म शुद्ध आहे. ती शुद्ध आहे का, हे कुणीच पाहिलेलं नसतं. म्हणून कुठल्याही शाखेतून आलात तरी पहिल्या काही महिन्यांत ही हद्द स्वतःच्या ताब्यात घ्या. त्यासाठी सर्वात चांगली शाळा म्हणजे नव्या पदार्थाची पेशींवरची पहिली चाचणी, सायटोटॉक्सिसिटी, म्हणजे पदार्थ पेशींना विषारी आहे का ते पाहणं. जवळजवळ प्रत्येक प्रबंधात ती असते आणि घाईत उरकली जाते.

सुरुवात पदार्थापासून. पदार्थात तुम्ही घातलेलं आणि बाहेर न काढलेलं काय उरलंय, त्याची यादी कागदावर करा. पॉलिमर विरघळवायला वापरलेलं डायक्लोरोमिथेन ४० अंश सेल्सिअसला उकळतं, ते बऱ्यापैकी निघून जातं. डीएमएफ या तशाच दुसऱ्या द्रावकाचा उत्कलनबिंदू १५३ अंश आहे. इलेक्ट्रोस्पिनिंगनं (विजेच्या दाबानं पॉलिमरचे बारीक तंतू ओढून) केलेल्या जाळीत ते अडकून राहतं आणि नुसतं रात्रभर टेबलावर ठेवून जात नाही. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये पॉलिमर सोसेल तेवढ्या तापमानावर दोन-तीन दिवस ठेवा आणि वजन स्थिर होईपर्यंत तोलत राहा. जिलेटिन किंवा कोलॅजन ग्लुटराल्डिहाइडनं जोडलं असेल, तर सुटे अल्डिहाइड गट ग्लायसीनच्या द्रावणानं बांधून टाकावे लागतात आणि मग पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. कायटोसन ॲसेटिक आम्लात विरघळवून फिल्म ओतली असेल, तर आम्ल फिल्ममध्येच असतं. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून, धुतलेल्या पाण्याचा पीएच सात येईपर्यंत धुवा. हे न करता फिल्म मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) टाकली की मीडिया पिवळा पडतो, पेशी मरतात, आणि कायटोसन विषारी आहे असा भलताच निष्कर्ष निघतो.

मीडियातल्या फिनॉल रेड या रंगाकडे रोज बघायची सवय लावा. पिवळा म्हणजे आम्ल, गडद गुलाबी-जांभळा म्हणजे अल्कली. बायोॲक्टिव्ह ग्लास आणि मॅग्नेशियम मीडियाचा पीएच वर नेतात. पीएलजीए हे पॉलिमर विघटित होताना लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल सोडून तो खाली आणतं. पेशी मेल्या त्या पदार्थामुळे की पीएचमुळे, हे वेगळं काढायचं असेल तर अर्काचा (पदार्थ बुडवून ठेवलेल्या मीडियाचा) पीएच मोजून वहीत लिहिलेला हवा. धुण्याचं द्रावणही विचार करून निवडा. कॅल्शियमनं बांधलेलं अल्जिनेट जेल फॉस्फेट बफरमध्ये धुतलं, तर फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, सोडियम त्याची जागा घेतं आणि जेल हळूहळू सैल होऊन विरघळतं. तिथं थोडं कॅल्शियम क्लोराइड घातलेलं सलाइन वापरावं.

निर्जंतुकीकरणात तर पदार्थच बदलू शकतो. ऑटोक्लेव्हचं तापमान १२१ अंश. पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंशाच्या आसपास वितळतं. पीएलजीए १२१ अंशाच्या कितीतरी आधी मऊ होऊन आक्रसतं आणि वाफेच्या ओलाव्यानं त्याच्या साखळ्याही तुटतात. गॅमा किरणांची नेहमीची मात्रा २५ किलोग्रे. तिनंही अशा पॉलिमरचा रेणुभार घटतो, म्हणून किरण दिल्यानंतरचा रेणुभार पुन्हा मोजा. एथिलीन ऑक्साइड वायू चालतो, पण तो पदार्थात मुरतो आणि स्वतः विषारी असल्यानं पुरेसा वेळ हवेशीर ठेवून काढावा लागतो. बहुतेक लॅबमध्ये ७० टक्के अल्कोहोल आणि दोन्ही बाजूंना यूव्ही यावर काम चालतं. एक-दोन दिवसांच्या प्रयोगाला ते निभावतं, पण अल्कोहोलनं जिवाणूंचे बीजाणू मरत नाहीत आणि यूव्ही सच्छिद्र स्कॅफोल्डच्या (पेशी वाढायच्या सांगाड्याच्या) आत पोचत नाही. अठ्ठावीस दिवसांचा हाडपेशींचा प्रयोग त्या भरवशावर सुरू करू नका.

एन्डोटॉक्सिनचा विषय नवख्यांना सहसा कुणी सांगत नाही. ग्राम-निगेटिव्ह जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे, म्हणजेच एन्डोटॉक्सिन, उरतात, आणि ऑटोक्लेव्हनं ते जात नाहीत. काचेचं सामान २५० अंशाच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवावं लागतं. कायटोसन, अल्जिनेट यांसारखे नैसर्गिक पदार्थ आणि बरेच दिवस साठवलेलं पाणी ही त्याची नेहमीची घरं. एमटीटीत (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून पाहणाऱ्या चाचणीत) ते दिसेलच असं नाही, पण मॅक्रोफेजवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींवर, काम सुरू केलं की सूज आणणारे सगळे संकेत वर जातात आणि दोष पदार्थावर येतो. म्हणून प्रतिकारशक्तीशी संबंध असलेलं काहीही करण्याआधी एन्डोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करून घ्या.

आता पेशी. भारतात बहुतेक लॅब पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून सेल लाइन (सतत वाढवत ठेवलेल्या एकाच वाणाच्या पेशी) मागवतात. शेजारच्या लॅबमधून फ्लास्क आणणं सोपं पडतं, पण त्याबरोबर चुकीच्या नावाच्या पेशी आणि मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जिवाणू, दोन्ही येऊ शकतात. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशींनी जगभर इतर सेल लाइनमध्ये घुसखोरी केल्याचं सिद्ध झालेलं आहे. मानवी पेशींची ओळख एसटीआर प्रोफाइलनं, म्हणजे डीएनएच्या ठशावरून, पटवतात. मायकोप्लाझ्माला पेशीभित्ती नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. तो इतका लहान आणि लवचिक असतो की काही वेळा ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधूनही निसटतो आणि मीडिया गढूळही करत नाही. पेशी जगतात, फक्त त्यांचं वागणं बदलतं. महिन्यातून एकदा पीसीआर किंवा हेक्स्ट रंगानं तपासणी ठेवा. अँटिबायोटिक सतत घालून काम करणाऱ्या लॅबमध्ये हे जास्त काळ लपून राहतं.

गोठवलेली नळी काढताना ३७ अंशाच्या पाण्यात एक-दोन मिनिटांत वितळवा, बर्फाचा बारीक खडा उरला असतानाच उचला आणि लगेच कोमट मीडियात मिसळा, कारण त्यात गोठवताना घातलेलं १० टक्के डीएमएसओ पेशींना फार वेळ सोसत नाही. गोठवताना याच्या उलट: मिनिटाला एक अंश, सावकाश. पेशी तळापासून सोडवायला ट्रिप्सिन घातल्यावर घड्याळापेक्षा सूक्ष्मदर्शकावर विश्वास ठेवा. पेशी गोल होऊन सुटायला लागल्या की सीरम असलेला मीडिया घालून थांबवा. जास्त वेळ ठेवल्यास पृष्ठभागावरची प्रथिनंच कापली जातात, आणि मग तुमच्या पदार्थाला पेशी चिकटत नाहीत याचं कारण तुमचा पदार्थ नसतोच.

चाचणीची पद्धत आयएसओ १०९९३-५ या मानकात आहे आणि अर्क कसा काढायचा ते १०९९३-१२ मध्ये. दोन्ही एकदा मुळातून वाचा. सिनियरच्या वहीतून उतरवलेली पद्धत पुरत नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ फिल्मसाठी दर मिलिलिटर मीडियाला ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग धरतात, आणि त्यात फिल्मच्या दोन्ही बाजू मोजायच्या. दोन बाय तीन सेंटिमीटरच्या तुकड्याचे १२ चौरस सेंटिमीटर होतात, म्हणजे २ मिलिलिटर मीडिया. एकच बाजू मोजून एका मिलिलिटरमध्ये बुडवली तर अर्क दुप्पट तीव्र होतो. हायड्रोजेल मीडिया स्वतःच पिऊन टाकतं, तेव्हा ते किती शोषतं हे आधी वेगळं काढून तेवढा मीडिया जादा घाला. ३७ अंशावर २४ तास ठेवायचं, आणि शेजारी पदार्थ न घातलेला तोच मीडिया तेवढाच वेळ ठेवायचा. तुलना त्या मीडियाशी. फ्रिजमधून ताज्या काढलेल्या मीडियाशी नाही.

मानकात यासाठी उंदराच्या एल९२९ पेशी सुचवल्या आहेत, प्लेटच्या दर वेलमागे (खळग्यामागे) १०,००० पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये. हिशोब एकदा हातानं करा. समजा हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या काचेच्या) चार कोपऱ्यांत मिळून १८० जिवंत पेशी मोजल्या आणि मेलेल्या पेशींना रंगवणारा ट्रिपॅन ब्लू समप्रमाणात मिसळला होता. सरासरी ४५, गुणिले २, गुणिले १०,०००, म्हणजे मिलिलिटरला नऊ लाख. तुम्हाला मिलिलिटरला एक लाख हव्यात आणि ६० वेलसाठी सांडलंसवरलं धरून ७ मिलिलिटर लागतील. मग ०.७८ मिलिलिटर पेशी आणि ६.२२ मिलिलिटर मीडिया. साठच वेल, कारण ९६ वेलच्या प्लेटच्या कडेच्या ३६ वेलमधून पाणी उडतं आणि तिथले आकडे भरकटतात; त्यांत फॉस्फेट बफर भरून ठेवा. पेरताना दर ओळीआधी नळी हलकेच उलटीसुलटी करा. पेशी तळाशी बसतात आणि पहिल्या ओळीत कमी, शेवटच्या ओळीत जास्त असा उतार तयार होतो, जो पुढे पदार्थाचा परिणाम म्हणून वाचला जातो. पेरून झाल्यावर प्लेट लगेच इनक्युबेटरमध्ये न ढकलता पंधरा-वीस मिनिटं सपाट टेबलावर राहू द्या, म्हणजे पेशी कडेला गोळा होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्क घाला: १०० टक्के, ५०, २५, १२.५. आणखी २४ तासांनी एमटीटी. विषारी लेटेक्सचा किंवा ऑर्गॅनोटिन घातलेल्या पीव्हीसीचा पॉझिटिव्ह (पेशी नक्की मारणारा) कंट्रोल आणि उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचा निगेटिव्ह (निरुपद्रवी) कंट्रोल त्याच प्लेटवर हवा. एमटीटी घालण्याआधी प्रत्येक वेल सूक्ष्मदर्शकाखाली बघा आणि फोटो काढा. हे चुकवू नका. आकडा संशयास्पद आला की तोच फोटो तुम्हाला वाचवतो. मग जांभळ्या सुया (जिवंत पेशींनी एमटीटीपासून बनवलेले फॉर्माझानचे स्फटिक) तयार झाल्यावर द्रव काढताना पिपेटचं टोक वेलच्या कडेला, तिरकं धरा. मध्यभागी टेकवलं की सुया टोकाबरोबर निघून जातात. विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचा आणि ६५० ची पार्श्वभूमी वजा करा. जिवंतपणा पदार्थ न घातलेल्या मीडियातल्या पेशींच्या ७० टक्क्यांखाली गेला तर पदार्थात विषारीपणाची शक्यता धरतात. ५० टक्के अर्कात १०० टक्के अर्कापेक्षा जास्त पेशी मेलेल्या दिसल्या, तर प्रयोगच पुन्हा करायचा.

नॅनोकणांवर काम करणाऱ्यांनी इथं फार सावध राहावं. कार्बन नॅनोट्यूबना फॉर्माझानचे स्फटिक चिकटून बसतात आणि धडधाकट पेशी मेलेल्या दिसतात. सोन्याचे कण ५२० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच प्रकाश शोषतात. मॅग्नेशियमचा गंज, ॲस्कॉर्बिक आम्ल, थायोल असलेले पदार्थ हे पेशी नसतानाही एमटीटीचा रंग पालटतात, आणि मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. उपाय स्वस्त आहे: पदार्थ, मीडिया आणि एमटीटी, पण पेशी नाहीत, अशा वेलची एक ओळ प्रत्येक प्लेटवर ठेवा. तिथं रंग आला तर एमटीटी सोडा आणि कॅल्सिन-प्रोपिडियम आयोडाइडसारख्या जिवंत-मृत रंगांकडे वळा. एमटीटी पेशी मोजत नाही, त्यांच्या विकरांची क्रिया मोजते, हेही ध्यानात ठेवा. साठ टक्के म्हणजे चाळीस टक्के पेशी मेल्या असंच नव्हे. त्या नुसत्या मंदावल्याही असतील.

एकाच प्लेटवरचे सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नाहीत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या वेगळ्या फेरीच्या) पेशींवर, शक्य असल्यास पदार्थाच्या वेगळ्या बॅचवर केलेले तीन प्रयोग म्हणजे तीन. सांख्यिकी या तिघांवर करायची. परीक्षक हे पहिल्यांदा विचारतात.

परवानग्यांचं काम प्रयोगाच्या कित्येक महिने आधी सुरू करा. हिमोलिसिससाठी (पदार्थानं रक्तपेशी फुटतात का ते पाहायला) मित्राचं रक्त घेतलं तरी संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि लेखी संमती लागते. प्राण्यांसाठी प्राणी-आचार समिती, जनुकबदलाच्या पेशींसाठी बायोसेफ्टी समिती. समित्यांच्या बैठका रोज होत नाहीत.

आणि इथलं काम सावकाश चालतं हे प्रवेश घेतानाच मान्य करा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतल्या कृत्रिम हृदयझडपेच्या आधीच्या नमुन्यांपैकी एकात सॅफायरची तबकडी होती. ती प्राण्याच्या शरीरात फुटली. शेवटी कोबाल्टच्या मिश्रधातूचा पिंजरा आणि अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची तबकडी हा जोड टिकला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. प्रयोगशाळेतल्या झीज-चाचण्या आणि मेंढ्यांवरची वर्षं यात गेली.

प्रवेशाच्या वाटा अनेक आहेत. केमिस्ट्रीवाल्यांना सीएसआयआर-नेटचा रसायनशास्त्राचा पेपर, जीवशास्त्रवाल्यांना त्याचाच लाइफ सायन्सेसचा किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बीईटी. इंजिनीअरांना गेट, त्यात २०२० पासून बायोमेडिकल इंजिनीअरिंगचा वेगळा पेपर आहे. जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, एसआरएफ (तिची वरची पायरी) झाल्यावर ४२,००० आणि वर घरभाडं. लॅब निवडताना गाईडच्या पेपरांच्या संख्येपेक्षा तिथल्या चालू विद्यार्थ्यांना एकटं गाठून विचारा: सेल कल्चरची खोली स्वतःची आहे की बुकिंग करून मिळते, सीरम संपल्यावर नवं यायला किती आठवडे लागतात, मायकोप्लाझ्माची शेवटची तपासणी कधी झाली, कुठल्या हॉस्पिटलचा डॉक्टर खरोखर भेटायला येतो. लिक्विड नायट्रोजनच्या टाकीची नोंदवही दाखवा म्हणावं. त्यात शेवटची भरती कधीची आहे आणि प्रत्येक नळीपुढे पॅसेज क्रमांक लिहिलाय का, एवढं पाहिलं तरी पुढची पाच वर्षं कशी जातील याचा बराचसा अंदाज येतो.