साइन क्ष भागिले क्ष: डायव्हर्जन्स दाखवताना या चुका टाळा

शून्य ते अनंत, |साइन क्ष| / क्ष. हा इंटिग्रल डायव्हर्ज होतो (म्हणजे सांत किमतीला कन्व्हर्ज न होता अनंताकडे जातो) हे सिद्ध करा. मुंबई विद्यापीठात, कालिन्याला एमएस्सी करणाऱ्या, नेट-सेटला बसणाऱ्या मुलांच्या वह्या तपासताना दिसतं की इथे मार्क जातात ते असमानतेच्या दिशेपायी.

पहिली ओळ हमखास अशी: |साइन क्ष| कधीच १ पेक्षा मोठा नसतो, म्हणून आपलं फलन १/क्ष पेक्षा लहान, १/क्ष चा इंटिग्रल डायव्हर्ज होतो, सबब हाही होतो. आधीची विधानं खरी, पण ‘सबब’ला काही आधार नाही. १ च्या पुढे १/क्ष² सुद्धा १/क्ष पेक्षा लहानच असतो, आणि १ ते अनंत त्याचा इंटिग्रल येतो चक्क १. डायव्हर्जन्स दाखवायचा तर टेकू खालून लावावा लागतो.

त्यासाठी अक्षाचे π लांबीचे तुकडे पाडा. कπ ते (क+१)π या तुकड्यावर क्ष फार तर (क+१)π होतो, म्हणून १/क्ष निदान १/((क+१)π) असतो. |साइन क्ष| चा इंटिग्रल प्रत्येक तुकड्यावर २. म्हणजे तुकड्याचा वाटा कमीत कमी २/((क+१)π), आणि बेरीज घेतली की हार्मोनिक मालिका (१ + १/२ + १/३ + …), जी डायव्हर्ज होते. घाईत (क+१) ऐवजी क लिहिलात की पुन्हा वरचीच मर्यादा हाती येते आणि सगळं मुसळ केरात.

काही जण शून्यापाशी अडतात: छेद शून्य, म्हणून अनंत. तिथे साइन क्ष / क्ष १ कडे जातो. भानगड सगळी दूरच्या टोकाला आहे. मापांक (साइनभोवतीच्या उभ्या रेघा) काढून टाकला, तर इंटिग्रल कन्व्हर्ज होऊन π/२ येतो.

|साइन क्ष| ≥ साइन² क्ष ही वाट मला जास्त आवडते. १ पासून पुढे बघा: साइन² क्ष म्हणजे (१ − कॉस २क्ष)/२. क्ष ने भागल्यावर १/(२क्ष) चा भाग डायव्हर्ज होतो. मात्र कॉस २क्ष / क्ष चा इंटिग्रल डिरिश्ले कसोटीने (एकाचा इंटिग्रल मर्यादित, दुसरा घटक शून्याकडे उतरता) कन्व्हर्ज होतो, हे लिहायलाच हवं. नाहीतर ‘अनंत वजा काहीतरी’ उरतं.

पायथॉनमध्ये आकडे काढून ‘स्थिरावतोय’ म्हणू नका. वरची सीमा १० पट केली की बेरीज जेमतेम १.४७ ने वाढते. १० ने वाढवायची तर सीमा सुमारे ६६ लाख पट न्यावी लागेल. मेगाब्लॉकच्या रविवारची स्लो लोकल बरी.

फूरिये मालिकेत (फलन साइन-कॉसच्या बेरजेत मांडणाऱ्या मालिकेत) हेच डिरिश्ले कर्नलच्या, म्हणजे न पर्यंतची आंशिक बेरीज देणाऱ्या फलनाच्या, मापांकातून येतं: साइन((न+१/२)ट) / साइन(ट/२). साइन(ट/२) ≤ ट/२ असल्याने छेदात ट/२ घातला की अपूर्णांक लहान होतो, म्हणजे हवी ती दिशा मिळते. मग (न+१/२)ट = उ घ्या; सीमा (न+१/२)π होते. इथे ‘कर्नलच्या मापांकाचा इंटिग्रल डायव्हर्ज होतो’ असं लिहू नका. प्रत्येक ठरावीक न साठी तो सांतच असतो. अमर्याद वाढते ती ‘न’ वाढवत नेल्यावर मिळणारी क्रमिका. मापांकाचा शून्य ते π इंटिग्रल घेऊन π ने भागल्यावर मिळणारे हे लेबेग स्थिरांक (४/π²) लॉग न च्या गतीने वाढतात.

आणि यावरून ‘प्रत्येक संतत फलनाची फूरिये मालिका डायव्हर्ज होते’ असा निष्कर्ष तर मुळीच नको. लेबेग स्थिरांक अमर्याद असल्याने बानाख-स्टाइनहाउस प्रमेयाने मिळतं ते एवढंच, की दिलेल्या बिंदूपाशी मालिका डायव्हर्ज होईल असं संतत फलन अस्तित्वात आहे. द्यु ब्वा-रेमाँ यांनी १८७३ मध्येच तसं उदाहरण दिलं होतं. उलट १९६६ मध्ये कार्लेसन यांनी सिद्ध केलं की संतत फलनाची मालिका जवळजवळ सर्वत्र (शून्य मापाचा संच वगळता) कन्व्हर्ज होते.