पंखा स्लो झालाय? कपॅसिटर बदला, पण आधी डिस्चार्ज करा

पंखा फुल रेग्युलेटरवर पण रटाळ फिरत असेल किंवा काठीने ढकलल्याशिवाय चालूच होत नसेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, वरच्या वाटीत ती पांढरी किंवा काळी डबी असते ना तीच, त्यावर बहुतेक २.५ मायक्रोफॅरड (म्हणजे चार्ज साठवायच्या क्षमतेचं माप) ४४० व्होल्ट असं छापलेलं असतं. नवीन आणताना मायक्रोफॅरड तेवढाच घ्या, स्पीड वाढेल म्हणून मोठा लावू नका, वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं.

आता मेन गोष्ट. एमसीबी (बोर्डातला सप्लाय तोडणारा स्विच) पाडला म्हणजे झालं असं अजिबात समजू नका! कपॅसिटरमध्ये दोन पातळ पत्रे आणि मध्ये प्लास्टिकची फिल्म असते, एका पत्र्यावर प्लस चार्ज जमतो दुसऱ्यावर मायनस, मधून जायला वाट नाही म्हणून दोघं एकमेकांना ओढत तिथेच अडकून बसतात आणि सप्लाय बंद झाला तरी कधीकधी बसूनच राहतात. पंख्याच्या कपॅसिटरचा झटका छोटा असतो, पण तुम्ही स्टुलावर उभे असता, दचकून तोल गेला की संपलं.

म्हणून होल्डरला दोन वायरी जोडून जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब लावा (एलईडी नको) आणि त्या वायरी कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना काही सेकंद टेकवा, अडकलेला चार्ज बल्बमधून निघून जातो, यालाच डिस्चार्ज म्हणतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगी उडते.

मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरला मात्र घरी हातच लावू नका, तिथे २००० व्होल्टच्या आसपास असतात, जीव जातो.