सीबी रेडिओ घेताय? आधी अँटेनाचं बोला

थंडी पडायला लागली की डेन्व्हरच्या आमच्या मंडळींपैकी कोणीतरी विचारतंच, अरे तू तो ट्रकवाल्यांचा सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ बसवलायस ना गाडीत, आम्हालाही बसवायचाय, कुठला घेऊ? रेडिओ कुठलाही घ्या हो, अँटेना कुठली आणि ती टपावर बसणार कुठे ते आधी सांगा. लोक दीडशे-दोनशे डॉलरचा चकचकीत सेट घेतात आणि अँटेना मात्र जी सगळ्यात स्वस्त दिसेल ती, आणि मग म्हणतात काही ऐकूच येत नाही.

फोन असताना हे कशाला, तर एकदा हिवाळ्यात आय-८० ने वायोमिंगमधून लॅरमी ते रॉलिन्स जाऊन बघा. वर निळं आभाळ आणि खाली वाऱ्याने रस्त्यावर आडवा उडणारा बर्फ, पुढचे दिवे दिसत नाहीत, फोनची रेंज मधेच गायब. मॅप जॅम दाखवतो तो जॅम झाल्यावर, पण समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने ती आडवी झालेली गाडी दोन मिनिटांपूर्वी डोळ्यांनी बघितलेली असते.

अमेरिकेत सीबीला लायसन्स लागत नाही. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास ४० चॅनेल, नेहमीच्या एएम पद्धतीवर ४ वॉट, एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीवर १२. त्याच्यावर पॉवर वाढवणारे अँप्लिफायर लोक लावतात पण ते बेकायदा आहे, नादी लागू नका.

आता अँटेना. २७ मेगाहर्ट्झची लाट साधारण ११ मीटरची, तिचा पाव म्हणजे जवळजवळ नऊ फुटांची काठी. तेवढी कोण लावणार, म्हणून खाली कॉइल गुंडाळून तीन-चार फुटांत बसवतात. आणि ही काठी म्हणजे अर्धीच अँटेना, उरलेली अर्धी म्हणजे तुमच्या गाडीचा पत्रा, म्हणून मॅग्नेटवाली घेतलीत तर टपाच्या बरोब्बर मध्यावर ठेवा, कोपऱ्यात किंवा बंपरवर लावली की आवाज एकाच दिशेला जास्त जातो. घ्यायच्या आधी घरातला फ्रिजचा मॅग्नेट टपाला लावून बघा. हसू नका, काही नव्या पिकअपचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, माझा मेहुणा दुकानातून तीस मैल लांब घरी आला आणि अँटेना टपावरून साबणासारखी घसरली.

वायर दारातून आत घेताना चिरडू देऊ नका, उरलेली घट्ट गुंडाळून ठेवण्यापेक्षा सीटखाली सैल सोडा. करंट शक्यतो थेट बॅटरीवरून घ्या, लाल प्लसला, काळी मायनसला, आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. लायटरच्या सॉकेटवर चालतो, पण बऱ्याच गाड्यांत इंजिनाबरोबर चढणारी उतरणारी कुईऽऽ अशी शिट्टी ऐकत बसावं लागतं.

यानंतरचं काम केल्याशिवाय बोलायचं बटण दाबायचंच नाही, ते म्हणजे एसडब्ल्यूआर. सोप्या भाषेत, तुम्ही पाठवलेल्या पॉवरपैकी अँटेनाकडून किती परत उलटी येतेय ते. माझा पहिला सेट यातच गेला, केबलच्या प्लगमध्ये एक बारीक तार शॉर्ट होती, मी मीटर न लावता दोन आठवडे बडबड केली आणि एके दिवशी ऐकू सगळं येतंय पण माझं कोणाला जात नाही, आतला ट्रान्झिस्टर जळला होता. वीस-पंचवीस डॉलरचं मीटर वाचवायला गेलो होतो.

तर गाडी मोकळ्या मैदानात न्या, दारं बंद, शेजारी माणसं नकोत. मीटर रेडिओ आणि अँटेनाच्या मधे छोट्या केबलने जोडा. चॅनेल १ लावा, मीटरचं बटण एफडब्ल्यूडीवर (फॉरवर्ड, म्हणजे जाणारी पॉवर), माइक दाबा (बोलू नका), नॉब फिरवून काटा सेटच्या खुणेवर आणा, मग बटण आरईएफवर (रिफ्लेक्टेड, म्हणजे परत येणारी) टाकून आकडा वाचा आणि माइक सोडा. हेच चॅनेल २० आणि ४० वर. दीडच्या आत म्हणजे छान, दोनपर्यंत चालेल, तीनच्या वर असेल तर बोलू नका. चॅनेल ४० वरचा आकडा चॅनेल १ वरच्या आकड्यापेक्षा जास्त आला तर काठी लांब आहे, थोडी आत ढकला, उलटं असेल तर बाहेर काढा. ऍलन कीने स्क्रू ढिला करून दोन-तीन मिलिमीटरच सरकवा, घाईत कापू बिपू नका, कापलेलं परत जोडता येत नाही. सगळीकडेच तीनच्या वर आला तर लांबीचा दोष नाही, केबल नाहीतर पत्र्याशी जोडणी बघा.

चालवायला काही अवघड नाही. स्क्वेल्च म्हणजे रिकामी खरखर दाबणारा नॉब, तो खरखर थांबेपर्यंतच फिरवा, पुढे नेलात तर लांबचे आवाजही बंद होतात. कोणीच उत्तर देत नसेल तर आधी सीबी-पीए बटण बघा, ते पीएवर (म्हणजे गाडीबाहेरच्या भोंग्यावर) असलं तर आवाज अँटेनावाटे हवेत जातच नाही. माइक तोंडापासून दोन बोटं लांब, दाबून क्षणभर थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो.

ट्रकवाले चॅनेल १९ वर, ९ इमर्जन्सीसाठी, तिथे गप्पा नाहीत. मधे बोलायचं तर "ब्रेक वन-नाइन" म्हणून थांबायचं. खबर देताना दिशा आणि माइल मार्कर (रस्त्याकडेच्या मैलाच्या पाटीचा आकडा) आधी, बाकी मीठमसाला नंतर. आपापसात दोन गाड्यांना मराठीत बोलायचं तर दुसरं चॅनेल ठरवा, १९ अडवून ठेवू नका. आणि एक हँडल हवं, म्हणजे टोपणनाव. माझं आधी मिसळ होतं, पण समोरच्यांना मिसाइल ऐकू यायला लागलं, तेव्हापासून कोकम.

रेंज चार-पाच मैल धरा, डोंगराआड त्याहून कमी. पण कधी कधी दुपारी हजार मैलांवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो, ती सूर्यामुळे विद्युतभारित झालेल्या वातावरणाच्या वरच्या थराची करामत, सेट बिघडलेला नाही.

हा सेट भारतात न्यायचा विचार असेल तर, तिथे परवान्याशिवायचा पट्टा २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आणि ५ वॉट. इथल्या सेटचे चॅनेल २८ पासून पुढचे सगळे त्याच्या बाहेर पडतात. बाबांना दुसरं काहीतरी न्या.