बेळगावातनं वाळवंटातल्या कॅनॉलच्या गावांचा अभ्यास दौरा कसा काढायचा

दिवाळी झाली की आपल्याकडं एखादा तरी शेतकरी गट नाहीतर एफपीओवाले (शेतकरी उत्पादक कंपनीवाले) विचारतातच की यंदा दौरा कुठं काढायचा, आणि उत्तरं ठरलेली असतात, बारामती, जळगाव, लईच झालं तर नाशिकची द्राक्षं. वाईट नाहीत ती. पण चिक्कोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, गोकाक ह्या पट्ट्यात ज्यांची शेती कॅनॉलवर नाहीतर नदीवर आहे त्यांनी एकदा तरी राजस्थानात पाकिस्तान बॉर्डरकडची कॅनॉलची गावं बघून यावं असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणजे श्रीगंगानगर, हनुमानगड, बिकानेर, जैसलमेर. बाहेरनं आणून वसवलेल्या लोकांनी वाळूवर उभी केलेली गावं. पण तिथं हिरवं रान बघायला जायचं नाही, हिरवं आपल्याकडं काय कमी आहे, ऊसच ऊस. तिथं दोनच गोष्टी बघायच्या. थोडं पाणी माणसं मिनिटावर कसं वाटून घेतात, आणि पाणी जास्त झालं की वाळवंटातलंसुद्धा रान कसं मरतं.

आधी कोण कुठनं आलंय ते डोक्यात घ्या

हे समजून न घेता गेलात तर सगळी गावं सारखीच दिसतील, आणि भलत्याला भलता प्रश्न विचाराल.

गंगानगरकडची जुनी गावं गंग कॅनॉलवरची. १८९९-१९०० ला मोठा दुष्काळ पडला होता, तिकडं अजून त्याला छप्पनिया म्हणतात. त्यानंतर बिकानेरचे महाराजा गंगासिंह सतलजचं पाणी आणायच्या मागं लागले आणि १९२७ ला कॅनॉल सुरू झाला. त्यावर पंजाबातनं शेतकरी आणून बसवले, त्यात शीख पुष्कळ. १९४७ ला फाळणीतनं उठून आलेल्यांची त्यात भर पडली. म्हणून तिथं फिरताना राजस्थानात आहे का पंजाबात असा प्रश्न पडतो, बोलणं पंजाबी नाहीतर बागडी, घरात लस्सी, गुरुद्वारा गावोगावी.

दुसरा थर इंदिरा गांधी कॅनॉलवरचा. काम १९५८ ला सुरू झालं, तेव्हा नाव राजस्थान कॅनॉल होतं. पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासनं २०४ किलोमीटरचा फीडर (पाणी पुढं नेऊन पोचवणारा कॅनॉल) आणि पुढं ४४५ किलोमीटरचा मुख्य कॅनॉल, थेट जैसलमेरच्या वाळूत. ह्यावर भूमिहीन स्थानिक आले, लष्कराच्या महाजन फायरिंग रेंजसाठी उठवलेल्या गावांतले लोक आले, आणि हिमाचलचे पोंग धरणग्रस्त आले. पोंगवाल्यांची गोष्ट आपल्याला जास्त लागेल. बियास नदीवरचं हे धरण १९७४ ला पुरं झालं, कांगड्याची भाताची सुपीक खोरी पाण्याखाली गेली, आणि पाण्याचा फायदा राजस्थानला म्हणून जमीन राजस्थाननं द्यायची असं ठरलं, गंगानगर जिल्ह्यात २ लाख २० हजार एकर राखूनही ठेवली. डोंगरातल्या, पावसाच्या भातावर वाढलेल्या माणसाला पन्नास डिग्रीच्या वाळूत जमीन. किती टिकले, किती विकून परत गेले, किती जणांना जागेवर ताबाच मिळाला नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानातल्या थरपारकरकडनं आलेली कुटुंबं आणखी खाली, बारमेरच्या बाजूला भेटतात.

गुजरातच्या कच्छमध्येही असंच आहे, १९६५ च्या युद्धानंतर बॉर्डरकडं पंजाब-हरियाणाचे शेतकरी सरकारनंच बोलावून बसवले आणि २०१० नंतर तुम्ही इथले शेतकरीच नव्हे म्हणून त्यांच्या जमिनीच्या नोंदी अडवल्या, २०१२ ला हायकोर्टानं शेतकऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला तर सरकार पुढं सुप्रीम कोर्टात गेलं. एकाच दौऱ्यात कच्छ आणि गंगानगर दोन्ही बसवायचा हट्ट करू नका, अंतरं लई आहेत.

कधी जायचं, कसं जायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी, बस्स. मोहरी फुलावर असते, हरभरा-गहू उभा असतो, गंगानगरच्या किन्नू संत्र्यांची तोड चालू असते. मार्च-एप्रिलनंतर दुरुस्तीसाठी कॅनॉल बंद करतात, त्याला ते नहरबंदी म्हणतात, त्या दिवसात गेलात तर कोरडा कॅनॉल आणि पिण्याच्या पाण्याची मारामार बघून याल. थंडीला कमी समजू नका, बेळगावची थंडी म्हणून एक स्वेटर टाकला तर जानेवारीत गंगानगरच्या धुक्यात दात वाजतील, कानटोपी-शाल पाहिजेच.

बेळगाव स्टेशनावरनं जोधपूर, बिकानेरकडं थेट गाड्या आहेत, बेंगळूर-हुबळीकडनं येतात आणि मिरज, पुणे करत जातात. रोज नाहीत, वार बघून रिझर्वेशन करा, आणि गटानं जाणार तर लवकर करा कारण मारवाडी व्यापारी मंडळी ह्याच गाडीनं गावाकडं जातात, सणासुदीला तिकीट मिळत नाही. जोधपूरला एक दिवस उतरून काजरी बघा, वाळवंटी शेतीवर काम करणारी केंद्राची संस्था आहे. उडती वाळू कशी थांबवायची ते तिथं नीट कळतं: टेकाडावर झाडाझुडपाच्या काटक्यांचे आडवे-उभे चौकोन रोवायचे, वाऱ्याचा जोर मोडला की मध्ये सेवण गवत आणि इस्रायली बाभूळ लावायची. मग बिकानेर आणि तिथनं रस्त्यानं वर सुरतगड-गंगानगर.

गावात घुसायला ओळख लागते. सगळ्यात सोपं म्हणजे आपल्या मत्तीकोपच्या केव्हीकेला (कृषी विज्ञान केंद्राला) नाहीतर कृषी खात्याला सांगून तिकडच्या केव्हीकेला एक पत्र पाठवायचं, बिकानेरला कृषी विद्यापीठही आहे. आणि एक गोष्ट अजिबात विसरू नका, बॉर्डरलगतचा बराच भाग प्रतिबंधित आहे, परराज्यातल्या माणसाला तिथं जायला एसडीएम (प्रांताधिकारी) ऑफिसची परवानगी लागते. सगळ्यांचं आधार, झेरॉक्स, फोटो बरोबर ठेवा. ड्रोन घरीच ठेवा. रील काढणारी पोरं बरोबर असतील तर तारेच्या कुंपणाकडं, बीएसएफच्या चौकीकडं मोबाईल धरायचा नाही हे गाडीत बसायच्या आधीच दम देऊन सांगा.

चकचं नाव वाचायला शिका

तिथं गावाला चक म्हणतात आणि नाव असतं एखादा आकडा आणि दोन-तीन इंग्रजी अक्षरं. अक्षरं म्हणजे कुठल्या वितरिकेवर नाहीतर मायनरवर (छोट्या फाट्यावर) आहे ते, आकडा म्हणजे त्यावरचा कितवा चक. गावाचं नाव ऐकूनच पाणी कुठनं येतं ते कळतं. कॅनॉलवर आरडी असं लिहिलेले दगड दिसतील, एक आरडी म्हणजे हेडपासनं, म्हणजे कॅनॉलच्या तोंडापासनं, हजार फूट, म्हणजे आरडी ५०० म्हणजे हेडपासनं पाच लाख फूट. जमीन मुरब्ब्यात मोजतात, एक मुरब्बा २५ बिघे, आपल्या हिशोबानं साधारण साडेपंधरा एकर, चौकोनी आखलेला. आपल्यासारखे वाकडेतिकडे बांध नाहीत, भावकीची भांडणं मात्र आहेत.

बारी: दौऱ्याचा अर्धा वेळ इथं घालवा

कॅनॉलमधनं चककडं पाणी सोडायच्या ठरलेल्या मापाच्या तोंडाला मोघा म्हणतात, तिथनं खाला म्हणजे पाट, आणि खाल्यावर प्रत्येकाचा नक्का, म्हणजे पाणी रानात वळवायची जागा. आठवड्याचे १६८ तास म्हणजे १०,०८० मिनिटं. ही मिनिटं चकच्या बिघ्यांवर वाटायची, ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेली पाण्याची वेळ म्हणजे त्याची बारी. समजा चकमध्ये १००० बिघे आहेत, तर बिघ्याला दहा मिनिटं, मुरब्ब्याला चार तास आणि वर थोडं. म्हणजे आपल्या एकराला आठवड्यात सोळा मिनिटं. सोळा! आपल्याकडं रात्री थ्री फेज आला की मोटर चालू करून माणूस झोपायला जातो.

आपल्याकडं पाळी असतेच की, असं म्हणाल. असते, पण तिथं ती वार, तास, मिनिटासकट कागदावर असते. तो कागद बघायला मागा, फोटो काढायची परवानगी घ्या. त्यात भराई आणि झराई असे दोन हिशोब दिसतील. पाणी लांबच्या नक्क्यापर्यंत पोचायला कोरडा पाट भरावा लागतो, तो वेळ त्या माणसाच्या बारीत वाढवून देतात, आणि शेवटच्या माणसाला पाटात उरलेलं पाणी फुकट मिळतं म्हणून त्याचा तेवढा वेळ कापतात. एवढा बारीक हिशोब मी तरी आपल्याकडच्या कुठल्या पाणी वापर संस्थेत बघितलेला नाही. बारी रात्री दोनला आली तर रात्री दोनला, एकाच माणसावर कायम रात्र पडू नये म्हणून वेळ मधनंमधनं फिरवतात. ती फिरवाफिरवी कशी करतात तेही विचारा.

जमलं तर स्वतः एखाद्याच्या बारीला हजर राहा. आधीचा माणूस घड्याळात बघत उभा, नंतरचा फावडं घेऊन उभा, वेळ झाली की एकानं नक्का बांधायचा, दुसऱ्यानं फोडायचा, बोलणं फार नाही. हे उभं राहून बघितल्याशिवाय कागदावरची मिनिटं डोक्यात शिरत नाहीत.

मग त्याच मायनरचा हेडचा एक चक आणि टेलचा, म्हणजे शेवटाचा, एक चक एकाच दिवशी बघा. दोन्हीकडं तेच तीन प्रश्न: बारीला पाणी पुरं येतं का, डिग्गी (पाणी साठवायचं तळं) आहे का, पाण्याची खेप चुकली तर काय करता. हेडवाला चहा पाजून सगळं छान आहे म्हणेल. खरं टेलला कळतं. २००४ ला घडसाना-रावला भागात पाण्यासाठी केवढं आंदोलन पेटलं होतं, पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले, त्या भागात गेलात तर हा विषय जपून काढा पण काढा.

डिग्गी म्हणजे आपल्या कृषी होंडाचीच, शेततळ्याचीच मोठी, पक्की बहीण. बारीचं पाणी त्यात साठवायचं आणि हव्या त्या दिवशी फव्वाऱ्यानं (स्प्रिंकलरनं) द्यायचं. खर्च किती, सबसिडी किती, बाजू कशी बांधली, पोरं-जनावरं पडू नयेत म्हणून काय केलंय, सगळं विचारा.

सेम: हे बघितल्याशिवाय परत येऊ नका

हनुमानगडकडं बडोपल, रावतसर, तसंच लूणकरणसर ह्या बाजूला पाणी साचून वाया गेलेली रानं आहेत, त्याला सेम म्हणतात. वाळूखाली काही ठिकाणी जिप्समचा कडक थर आहे, पाणी खाली मुरत नाही, कॅनॉलची गळती आणि सुरुवातीच्या काळात मोकळ्या हातानं दिलेलं पाणी त्यावर साचत गेलं, पातळी वर आली, बरोबर मीठ आलं. जमिनीवर पांढरी साय, चाललं की पायाखाली कुरकुरते, मध्येच दलदल, सोडलेली घरं. वाळवंटात पाण्यानं गाव उठलं हे ऐकून खरं वाटत नाही, म्हणून बघायचं.

कृष्णाकाठच्या लोकांना वेगळं सांगायला नको. कागवाड, अथणी, चिक्कोडीकडं क्षारपड झालेली रानं आपल्या डोळ्यासमोर आहेत. आपल्याकडं जिप्समचा थर नाही, काळी चिकण माती आहे, पण निचरा नसला की शेवट तोच. तिथल्या शेतकऱ्याला विचारा की पहिली खूण काय दिसली, किती वर्षांत रान गेलं, निलगिरीच्या पट्ट्यांचा किती उपयोग झाला, चर काढले ते कुणी साफ ठेवले. पाण्यातला खारटपणा मोजायचा खिशातला ईसी मीटर घेऊन जा, फार महाग नसतो, आणि मालकाला विचारून बोअरचं, चरातलं, डिग्गीतलं पाणी मोजून लिहून घ्या, नाहीतर घरी आल्यावर कुणाला काय आठवत नाही. आपल्या रानातलंही निघायच्या आधी मोजून ठेवा, म्हणजे तिथं दाखवायला काहीतरी असेल.

माणसांशी बोलायची रीत

नुसती माहिती घ्यायला बसलात तर ती मंडळीही नुसती माहितीच देतील. वसवलेल्या माणसाला आधी जुन्या गावाचं विचारा. पोंगवाल्यांशी बोलताना आपल्या हिडकल धरणाचं काढा: घटप्रभेचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं आणि लोक बघायला जातात. पोंगच्या तलावातही बाथू की लडीची देवळं अशीच उन्हाळ्यात वर येतात, म्हातारी माणसं ह्यावर अर्धा तास बोलतील, मग जमिनीचं विचारा. ‘जमीन किती मिळाली’ असं थेट विचारलं की माणूस आवरून घेतो, कारण कितीतरी जणांचा खातेदारी हक्क, विक्रीच्या अटी, ताबा ह्यात पिढी गेली आहे. आणि दौऱ्यात बायका पाहिजेतच, कमीत कमी चार-पाच. पुरुष बैठकीत बसून बारीचं सांगतात, पण नहरबंदीत पिण्याचं पाणी कुठनं आणलं, नव्या जागी चुलीला जळण काय होतं, पोरी शाळेला किती लांब जायच्या, हे चुलीपाशीच कळतं.

तिकडनं येताना किन्नूच्या पेट्या आणा, बियाणं मात्र उचलून आणू नका, आपल्या पावसात आणि मातीत ते चालेलच असं नाही. गंगानगरी मोहरी आपल्याकडं कोण खाणार तेही आहेच.

परत आल्यावर आठवड्याच्या आत बसा, नंतर सगळे उसाच्या तोडीत अडकतात. आपल्या मायनरवर किती एकर आहे ते उताऱ्यांवरनं काढा, पाळीचे एकूण तास लिहा आणि एकराला किती मिनिटं पडतात ते भागून बघा. मग हेडच्या एकाला आणि टेलच्या एकाला एका पाळीत प्रत्यक्षात किती वेळ पाणी चाललं ते मोबाईलवर वेळ लावून मोजायला सांगा. दोन्ही आकडे पाणी वापर संस्थेच्या पुढच्या मीटिंगला फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि हेडवाल्यांना त्या दिवशी आवर्जून बोलवा.