आधी भरतीची वेळ, मग दुर्बीण

उत्तर गोलार्धात उन्हाळा सरत आला की, म्हणजे जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत, समुद्रकाठची खाजणं किनारपक्ष्यांनी भरून जातात. आर्क्टिकमध्ये वीण आटोपून दक्षिणेकडे निघालेले हे पक्षी वाटेत चिखलातल्या अळ्या, किडे, बारीक शिंपले टिपून चरबी साठवतात. ते कुठे आणि किती जवळून दिसतील हे पाणी ठरवतं. म्हणून पहाटे जायचं की संध्याकाळी, याचा विचार भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिल्यावर करा.

दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. ओहोटीला पक्षी दूरवर उघड्या पडलेल्या चिखलावर विखुरलेले असतात. टेलिस्कोपमधूनही नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागलं की चिखलपट्टा आक्रसतो आणि तेच पक्षी आपोआप काठाकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जागेवर पोचा आणि बसून राहा. पक्ष्यांच्या मागे जायची गरज नाही. भरती ओसरायला लागल्यावरचे पहिले दीड-दोन तासही तितकेच चांगले. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा चिखल पूर्ण बुडून थवे मिठागरात, बांधावर, एखाद्या उंचवट्यावर दाटीनं विसावतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. बराच चिखल उघडा राहतो आणि थवे पांगलेलेच राहतात. नवख्यानं उधाणाचा दिवस धरावा.

पण उधाणाचं पाणी फसवतं. ते एकसारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा हिस्से धरले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांतच येतं. त्यातून आधी भरतात त्या चरी, आणि त्यातली एखादी तुमच्या पाठीमागे असते. समोर चिखल उघडा दिसत असतानाच परतीची वाट बंद होते. त्यामुळे बांध किंवा पक्की वाट सोडूच नका. तरीही पाय रुतला, तर सरळ वर उपसू नका. तळव्याखाली पोकळी होऊन चिखल उलट ओढतो. मागे टेकून अंगाचा भार पसरवा आणि पाय हळूहळू हलवत भोवती पाणी शिरू द्या, म्हणजे पकड सुटते.

ऊन पाठीवर घेऊन बसा. सकाळच्या भरतीला पक्ष्यांच्या पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला. बांधाच्या माथ्यावर उभं राहिलात तर आभाळावर तुमची आकृती उमटते आणि थवा लांब सरकतो. उतारावर बसलेलं बरं. ८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते, पण ओळख पटवायची तर २०-६० पटींचा टेलिस्कोप आणि वाऱ्यात न हलणारा तिपाई स्टँड हवाच. हलका स्टँड घेऊन पैसे वाचवण्यात अर्थ नाही. ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरते आणि ६० पटींवर पक्षी वितळल्यासारखा दिसतो. तेव्हा २०-२५ पटींवर या. ही थरथर भिंगाचा दोष नाही, त्यामुळे ते पुसून काही होत नाही. शक्य तर ढगाळ दिवस निवडा.

आता खरी मेहनत. या दिवसांत एकाच जातीचे पक्षी दोन-तीन वेशांत दिसतात. आधी येतात प्रौढ: पिसं झिजलेली, विणीच्या हंगामातला तांबूस रंग विटलेला, मधूनमधून हिवाळ्याची करडी पिसं उगवलेली. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून त्या वर्षीची पिल्लं येतात. त्यांचं प्रत्येक पीस एकाच वयाचं आणि कोरं करकरीत, कडेला फिकी किनार, त्यामुळे पाठ खवल्यांची दिसते. लिटल स्टिंट या चिमुकल्या किनारपक्ष्याच्या पिल्लाच्या पाठीवर पांढरा ‘व्ही’ स्पष्ट असतो. कर्ल्यू सँडपायपरचं पिल्लू आणि डनलिनचं पिल्लू यांत बहुतेकांची गफलत होते, कारण दोघांची चोच खाली वाकलेली. पोट पाहा: डनलिनच्या पोटाच्या बाजूंना काळपट ठिपक्यांचे फराटे असतात, कर्ल्यू सँडपायपरचं पोट स्वच्छ आणि छातीवर पिवळसर-गुलाबी झाक. उडाल्यावर शंकाच उरत नाही. त्याच्या शेपटीच्या वर पांढरा पट्टा असतो, तर डनलिनला तिथे मधोमध काळी रेघ.

पायांच्या रंगावर मात्र एकदम भिस्त ठेवू नका. चिखल माखला की पिवळे पायही काळे दिसतात; पक्षी पाण्यातून चालून बाहेर येईपर्यंत थांबा. चोचीची लांबी डोक्याच्या लांबीशी ताडून बघा, आणि आकारासाठी शेजारी एखादा ओळखीचा पक्षी शोधा, शेकाट्या किंवा टिटवी चालेल. खाण्याची रीतही बोलते: चिखल्या दोन-चार पावलं पळतो, थबकतो, टिपतो, गॉडविट लांब चोच मुळापर्यंत खुपसतो.

मोजणी थवा शांत असतानाच उरका. दहा पक्षी नीट मोजा, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरा आणि तेवढे तुकडे थव्यावर टाकत जा. मोठ्या थव्याचा आकडा बहुधा कमीच धरला जातो, म्हणून फोटो काढून घरी पुन्हा मोजा. मध्येच सगळे एकदम उडाले तर वर बघा, बहिरी ससाणा असेल.

पण कारण तुम्हीही असू शकता. खाणं थांबवून माना ताठ होणं, एका दिशेला चालू लागणं, एखाद्यानं इशारतीची शीळ घालणं, हे उडण्याआधीचे संकेत. यातला पहिला दिसताच थांबा आणि दोन-चार पावलं मागे या. लांबच्या उड्डाणाआधी काही जाती आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतात. भरतीच्या विसाव्यात त्यांना वारंवार उठवलं तर साठवलेली चरबी तिथेच खर्ची पडते.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना आकड्यांबरोबर भरतीची वेळ आणि प्रौढ-पिल्लांचं प्रमाणही शेऱ्यात लिहा.